श्वासाची नळी आणि कॅमेरा

आमच्या गटातल्या एका ताईच्या सासूबाईंना न्यूमोनिया झाला. रात्री अकराला दवाखान्यातून फोन आला, "श्वासाची नळी टाकावी लागेल, सही करायला या." ताईने सही केली, पण ही नळी कशी टाकतात ते तिला कुणी सांगितलं नाही. पुढच्या बैठकीत हप्त्यांचा हिशेब राहिला बाजूला. एकजण म्हणाली, "शहरात कॅमेऱ्याने टाकतात, आपल्याकडे अंदाजाने." अंदाजाने काही टाकत नाहीत बरं का! मग मी भूल देणाऱ्या एका डॉक्टर मॅडमकडून नीट समजून घेतलं.

आपल्या घशात खाली दोन वाटा आहेत. पुढे श्वासनलिका, तिच्यामागे अन्ननलिका. नळी चुकून मागच्या वाटेत गेली, तर हवा पोटात जाते आणि मेंदूचा प्राणवायू काही मिनिटांत संपतो. म्हणून डॉक्टर लॅरिंगोस्कोप वापरतात. एक मूठ, तिला वाकडं पातं आणि दिवा. त्याने जीभ बाजूला उचलायची, वाकून घशात बघायचं आणि स्वरतंतूंच्या मधून नळी सरकवायची. हे वाकडं पातं ऑक्सफर्डच्या डॉ. रॉबर्ट मॅकिंटॉश यांनी १९४३ साली आणलं, ते आजही चालतं.

व्हिडिओ लॅरिंगोस्कोपमध्ये पात्याच्या टोकाजवळ छोटा कॅमेरा असतो. थेट नजर पोचत नाही तिथलंही पडद्यावर दिसतं आणि शेजारच्या नर्सताईंनाही दिसतं. शिकाऊ डॉक्टर चुकत असेल तर वरिष्ठांना लगेच कळतं.

पण याने खरंच फरक पडतो का? अमेरिकेत १७ अतिदक्षता आणि तातडीच्या विभागांत १,४१७ रुग्णांवर हे पडताळलं. निकाल २०२३ मध्ये छापून आला. कॅमेरा असताना शंभरातल्या ८५ जणांची नळी पहिल्याच प्रयत्नात बसली, साध्या उपकरणाने ७१ जणांची. फरक इतका स्पष्ट होता, की अभ्यास ठरल्याआधीच थांबवला. मात्र प्राणवायू फार खाली जाणं, रक्तदाब कोसळणं असे गंभीर त्रास दोन्हीकडे शंभरात साधारण २१ जणांना झालेच. मूळ आजारच मोठा असतो ना! शिवाय तिथे नळी टाकणारे बहुतेक अजून शिकत असलेले डॉक्टर होते. वर्षानुवर्षं हात बसलेल्यांच्या बाबतीत एवढा फरक दिसेलच असं नाही.

म्हणून कॅमेरा नाही एवढ्यावरून पेशंट उचलून दुसरीकडे पळू नका. वाटेतला उशीर जास्त महाग पडेल. त्यापेक्षा एक विचारा, "नळी बरोबर बसली हे यंत्रावर बघणार ना?" उच्छ्वासातला कार्बन डायऑक्साइड मोजणारं यंत्र असतं. त्याची लाट पडद्यावर उठली नाही, तर नळी चुकीच्या जागी आहे असंच धरायचं असतं. कॅमेरा असो वा नसो, ही खात्री हवीच.

आपणहून सांगायच्या गोष्टीही आहेत. कवळी, हलणारे दात, शेवटचं कधी खाल्लं, आधीच्या ऑपरेशनला नळी टाकताना अडचण आली होती का. आणि गुटखा लपवू नका. गुटख्याने ज्यांचं तोंड दोन बोटांएवढंही उघडत नाही, तिथे कॅमेऱ्याचं पातंसुद्धा आत जात नाही. डॉक्टरांना आधी कळलं तर ते दुसऱ्या मार्गाची तयारी ठेवतात.

ताईच्या सासूबाई आता घरी आहेत. आवाज आठवडाभर घोगरा होता, तो सुटला. तसं पुष्कळदा होतं, पण दोन-तीन आठवड्यांनीही सुटला नाही तर कान-नाक-घशाच्या डॉक्टरांना दाखवा.