जादा पळविलेला प्रोसेसर कसा ओळखावा?

बैलबाजारात गेलेला जाणता शेतकरी विकणाऱ्याच्या गोड बोलण्यावर दावे हाती घेत नाही. तो बैलाचे दात पाहतो, खांदा चाचपतो, चार पावले चालवून बघतो आणि मगच भावाचे बोलतो. जुना संगणक घेताना मात्र हीच माणसे नुसता चकचकीत डबा पाहून पैसे मोजतात. असे का व्हावे?

धाराशिवजवळच्या बेंबळीचे माझे एक शिक्षक स्नेही परवा भेटले. म्हणाले, "सर, शाळेसाठी जुना संगणक बघतोय. विकणारा म्हणतो, प्रोसेसर लई फास्ट आहे. पण आधीच्या मालकानं तो पळवून पळवून दमवला नसेल कशावरून? वर्गणी गावाची आहे. बुडाली तर तोंड कुठं दाखवू?" प्रश्न अगदी योग्य आहे. त्याचे उत्तर तुम्हां सर्वांच्याच उपयोगी पडेल, म्हणून ते येथे जरा विस्ताराने देतो.

प्रोसेसर म्हणजे संगणकाचा मेंदू. तो एका ठरावीक ठेक्यावर काम करतो. मूळ ठेका बहुधा १०० मेगाहर्ट्झचा असतो, म्हणजे सेकंदाला दहा कोटी ठोके. त्याला एका आकड्याने गुणले की प्रोसेसरचा वेग येतो. उदाहरणार्थ, इंटेल कंपनीचा आय-५ ८६००के हा २०१७ सालचा प्रोसेसर घ्या. त्याचा गुणक ३६, म्हणून वेग ३.६ गिगाहर्ट्झ. काम वाढले की तो आपण होऊन ४३ पर्यंत, म्हणजे ४.३ पर्यंत चढतो. याला टर्बो म्हणतात. हा वेग कारखान्यानेच नेमून दिलेला असतो, त्यात वावगे काही नाही. परंतु कोणी हाताने हा गुणक ५० केला आणि तो वेग पेलावा म्हणून विद्युतदाबही वाढविला, तर त्याला ओव्हरक्लॉकिंग म्हणतात. आपण त्याला जादा पळविणे म्हणू.

यात बिघडते काय? विहिरीवरचे १५०० फेऱ्यांचे डिझेल इंजिन गव्हर्नर छेडून १८०० वर चालविले तर पाणी जास्त येते खरे, पण इंजिन तापते आणि लवकर झिजते. येथेही तसेच आहे. प्रोसेसरची उष्णता वेगाच्या प्रमाणात वाढते, पण विद्युतदाबाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. शिक्षकांनी हे गणित फळ्यावर जरूर करून दाखवावे. समजा, वेग ४.३ वरून ५ वर नेला आणि दाब १.२० व्होल्टवरून १.३५ वर नेला. वेगाचे प्रमाण १.१६, दाबाच्या वर्गाचे १.२७. गुणाकार येतो सुमारे १.४७. म्हणजे काम वाढले सोळा टक्के आणि उष्णता वाढली जवळजवळ दीडपट! प्रोसेसरच्या आतल्या धातूच्या वाटा केसाहून हजार पटींनी बारीक असतात. पाटाला जोराचे पाणी सोडले की काठची माती वाहून जाते, तद्वत जास्त दाब आणि जास्त ताप यांमुळे त्या वाटांतील धातूचे अणू हळूहळू सरकतात. मग पूर्वी जेवढ्या दाबावर काम भागत होते तेवढ्यावर ते भागेनासे होते. संगणक मध्येच अडतो, बंद पडतो, किंवा मुकाट्याने हिशेब चुकवितो. निकालपत्रके तयार करताना असे झाले तर काय, याची कल्पना तुम्हीच करा.

आता मुख्य गोष्ट ध्यानात घ्या. गुणक आणि दाब यांची नोंद प्रोसेसरमध्ये राहत नाही. ती ज्या पाटीवर प्रोसेसर बसतो त्या मदरबोर्डच्या बायोसमध्ये असते. प्रोसेसर काढून दुसऱ्या बोर्डावर लावला की मागचे सारे पुसले जाते. सुटा प्रोसेसर हातात घेऊन "हा पळविलेला आहे" असे कोणालाही छातीठोकपणे सांगता येणार नाही. एएमडी कंपनीच्या थ्रेडरिपर ७००० या २०२३ च्या महागड्या प्रोसेसरांत जादा पळविल्यावर कायमचा जळणारा एक सूक्ष्म फ्यूज ठेवलेला आहे, पण आपल्या बाजारातल्या सामान्य मालात तशी सोय नसते.

मग करायचे काय? बैलासारखेच करायचे. आधी डोळ्यांनी पाहा. प्रोसेसरच्या धातूच्या झाकणावरील अक्षरे घासून गेली आहेत काय? झाकणाच्या कडेला पात्याचे ओरखडे किंवा उपसलेला डिंक दिसतो काय? कोणी झाकण उघडून आतला लेप बदलला असेल, तर तो बहुधा जादा पळविणाराच असतो.

दुसरे, संगणक चालू स्थितीत मिळाला तर बायोस उघडून गुणक आणि दाब पाहा. मग सीपीयू-झेड हा फुकट मिळणारा प्रोग्रॅम लावा आणि संगणकाला काम देऊन वेग वाचा. रिकामा असताना वेग कमी दिसतो, त्यावरून काही ठरवू नका. कंपनीने सांगितलेल्या टर्बोच्या वर आकडा गेला, तर गुन्हेगार रंगेहाथ सापडला म्हणायचे.

तिसरी परीक्षा सर्वांत महत्त्वाची. बायोस मूळ स्थितीवर आणा, कारण थकलेल्या प्रोसेसरला वेग कमी करून किंवा दाब चढवून तात्पुरते उभे केलेले असू शकते. नंतर प्राइम-९५ हा प्रोग्रॅम तासभर चालवा. मोठमोठ्या मूळ संख्या शोधण्यासाठी तो निर्माण झाला. २०२४ मध्ये चार कोटी दहा लाखांहून अधिक अंकांची मूळ संख्या सापडली ती याच शोधमोहिमेत. परीक्षेच्या वेळी त्याला उत्तरे आधीच ठाऊक असतात, म्हणून एक जरी चूक झाली तरी तो लगेच सांगतो. सोबत तपमान पाहत राहा. ते शंभर अंशांना टेकले तर आधी पंखा, धूळ आणि लेप तपासा. शिवाय विंडोजच्या इव्हेंट व्ह्यूअरमध्ये 'व्हीया' नावाच्या चुका नोंदल्या आहेत का तेही बघा.

चूक निघाली म्हणून लगेच प्रोसेसरला दोष देऊ नका. मेमरी किंवा पॉवर सप्लायही कारण असू शकते. एकेक भाग बदलून पुन्हा परीक्षा घ्या. आणि थंडीत उत्तीर्ण झालेला संगणक आपल्याकडच्या वैशाखात नापास होऊ शकतो, हेही विसरू नका.

न पळविता झिजलेले प्रोसेसरही असतात. इंटेलच्या तेराव्या आणि चौदाव्या पिढीतील काही प्रोसेसर मूळ मांडणीतच जादा दाब घेऊन बिघडत होते. २०२४ मध्ये कंपनीने सुधारित मायक्रोकोड दिला आणि हमी दोन वर्षांनी वाढविली. असा माल घेताना बायोस नवे आहे ना, हे विचारा.

माझ्या स्नेह्यांना मी शेवटी एकच सल्ला दिला. जो प्रोसेसर सहजी पळविताच येत नाही तोच घ्या. इंटेलच्या ज्या नावाशेवटी 'के' नाही, उदाहरणार्थ आय-५ ८५००, त्यांचा गुणक कुलूपबंद असतो. कचेऱ्यांतून निघालेल्या संगणकांत बहुधा हेच असतात. मुंबईचा लॅमिंग्टन रोड असो की पुण्याची तपकीर गल्ली, पंधरा दिवसांत परत घेण्याची बोली पावतीवर लिहून घ्या.

प्रोसेसर पूर्वी किती पळाला, हे तो सांगणार नाही. आज तो ओझे ओढतो की मान टाकतो, हे मात्र तासाभरात कळते. गावाची वर्गणी मोजण्यापूर्वी तेवढा तास अवश्य काढावा.