पोवळं आणि प्रवाळभित्ती

अकोला-अमरावतीच्या सराफ्यात अंगठीसाठी मिळणारं अस्सल लाल पोवळं खाणीतून निघत नाही. तो एका समुद्री जीवाचा सांगाडा असतो. भूमध्य समुद्रातलं पोवळं त्यासाठी प्रसिद्ध आहे. प्रवाळभित्ती बांधणारे प्रवाळ मात्र वेगळे. उबदार, उथळ, स्वच्छ पाण्यात हे इवलेसे जीव खडकाला चिकटून वसाहत करतात आणि अंगाखाली चुनखडीचा सांगाडा रचतात. त्यांच्या पेशींत राहणारी शैवालं सूर्यप्रकाशात अन्न तयार करून त्यांना पुरवतात. जुन्या सांगाड्यांवर नवे थर चढत हजारो वर्षांत भित्ती उभी राहते. पाणी फार तापलं की शैवालं निघून जातात आणि प्रवाळ पांढरे पडतात. महाराष्ट्रात प्रवाळ पाहायचे तर मालवणला जावं. तिथलं सागरी अभयारण्य १९८७ सालचं. पण तुकडाही तोडू नका, भित्ती बांधणाऱ्या प्रवाळांना वन्यजीव कायद्याचं संरक्षण आहे.