घरबसल्या लेखन: फी कोण घेतं, पैसे कोण देतं

पालघर-बोईसरच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर ‘घरबसल्या लिहा, भरपूर कमवा’ ही जाहिरात फिरतच असते. नोंदणी फी भरली की काम मिळतं, हा पहिला आणि सगळ्यात महागात पडणारा गैरसमज. पुढे काय होतं ते ठरलेलं आहे. मजकूर पाठवल्यावर ‘अचूकता कमी भरली’ म्हणतात, करार मोडल्याचा दंड मागतात, वकिलाच्या नावाने खोटी नोटीसही धाडतात. घाबरून एक पैसा देऊ नका. दिला असेल तर लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन लावा.

नामांकित मंच तरी फुकट कुठे असतात? अपवर्कवर अर्ज करायला ‘कनेक्ट्स’ लागतात, संपले की विकत घ्यायचे. फायव्हर कमाईतले २० टक्के कापतं. दहा डॉलरच्या लेखाचे आठच हातात, त्यातही रुपये करून घेण्याचा खर्च वेगळा. प्रतिलिपीवर मराठीत लिहिता येतं, पण नुसती कथा टाकली म्हणून कुणी पैसे देत नाही. ब्लॉगवरच्या जाहिरातींचे पैसेही गूगलचं ॲडसेन्स १०० डॉलर साठल्याशिवाय पाठवत नाही.

‘फर्डं इंग्रजी हवं’ हे अर्धसत्य. कुठल्याही विषयावरचा सर्वसाधारण लेख आता यंत्र मिनिटात पाडतं, त्याला भाव कोण देणार? यंत्राकडे नसतो तो अनुभव. आपल्याकडे तारापूर एमआयडीसीत केमिकल आणि औषधांचे कारखाने आहेत. सॉल्व्हंट एका ड्रममधून दुसऱ्यात घेण्याआधी अर्थिंगची क्लिप लावायची, नाहीतर स्थिर विजेची एक ठिणगी पुरते. ही सूचना कुठल्या पायरीवर, किती ठसठशीत लिहायची, हे प्लांटवर नाइट शिफ्ट काढलेल्याला सांगावं लागत नाही. माझ्या मते इथल्या माणसाचं खरं भांडवल हेच. घोलवडच्या चिकूच्या बागेत वाढलेल्यालाही तेच लागू.

‘पैसे मिळाले, म्हणजे लेख त्यांचा झाला’ हेही खरं नाही. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार नोकरीत नसलेल्या लेखकाचा हक्क लेखी करार झाल्याशिवाय हस्तांतरित होत नाही. करारात मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षं धरतात, प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत. म्हणून ‘आय ॲग्री’ दाबण्याआधी अटींमधला हक्कांचा परिच्छेद तेवढा वाचाच.

आणि हो, डॉलरमध्ये आलेल्या पैशावर कर नसतो असं कुणी सांगितलं तर ऐकू नका. भारतात राहणाऱ्याचं परदेशातून आलेलं उत्पन्नही इथे करपात्रच असतं.