वादळविमा, मालमत्तेचा
वादळविमा, मालमत्तेचा : वाऱ्याच्या आघाताने घर, दुकान वा कारखाना यांची जी हानी होते, तिच्या भरपाईची हमी देणारा विमाप्रकार. भारतात तो सामान्यतः वेगळा घेतला जात नाही. आगविम्याच्या विमापत्रातच वादळ, चक्री वादळ, घूर्णवाती वादळ (टोर्नेडो) व पूर या संकटांचा समावेश असतो. विमा केवळ ‘आगीचा’ आहे अशा समजुतीने विमेदार हक्काची मागणीही न करण्याचा संभव असतो.

घूर्णवाती वादळे महाराष्ट्रात विरळाच. येथील हानी मुख्यत्वे वळवाच्या पावसाबरोबरच्या सोसाट्याने आणि क्वचित चक्री वादळाने होते. ३ जून २०२० रोजी ‘निसर्ग’ चक्री वादळ रायगड जिल्ह्यात अलिबागच्या दक्षिणेस ताशी सु. ११०–१२० किमी. वेगाच्या वाऱ्यांसह किनाऱ्यावर आले व सह्याद्री ओलांडून पुणे जिल्ह्यात शिरले. त्यामुळे भोर तालुक्यातील उत्रोलीसारख्या घाटमाथ्यापलीकडील गावांनाही हा विषय परका राहिलेला नाही.

वाऱ्याचा दाब वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. वेग दुप्पट झाल्यास दाब चौपट होतो. छपरावरून वाहणारा वारा पत्रा वर ओढतो आणि वाऱ्याकडील दार उघडे पडल्यास आत शिरलेली हवा त्यास खालून रेटते. म्हणून पत्र्यावर दगड ठेवणे व्यर्थ, किंबहुना धोक्याचे असते. पत्रा वाशाला व वासा भिंतीला पक्का जखडलेला हवा.

निसर्ग वादळानंतर पूर्णतः पडलेल्या घरासाठी राज्य शासनाने दीड लाख रुपये साहाय्य ठरविले. ते साहाय्य होते, भरपाई नव्हे. पुनर्बांधणीचा खर्च विम्यातूनच मिळू शकतो. १ एप्रिल २०२१ पासून लागू झालेल्या ‘भारत गृह रक्षा’ या प्रमाणित विमापत्रात घराची विमाराशी बांधकामाच्या खर्चावरून ठरते. जमिनीची किंमत तीत धरत नाहीत. घरातील सामानास इमारतीच्या विमाराशीच्या २०%, पण कमाल १० लाख रु., एवढे संरक्षण त्यातच मिळते. कमी रकमेचा विमा घेतल्याबद्दल भरपाईत प्रमाणशीर कपात होत नाही. दुकान-कारखान्यांच्या विम्यात मात्र अशी कपात होऊ शकते : १० लाखांच्या मालमत्तेचा ५ लाखांचाच विमा असेल, तर २ लाखांच्या हानीपोटी सु. १ लाखच हाती येतात.

तलाठ्याचा पंचनामा शासकीय साहाय्यासाठी असतो. विमा कंपनीचा सर्वेक्षक हानीची स्वतंत्र पाहणी करतो. ग्रामपंचायतीचा मिळकत-उतारा, खरेदीच्या पावत्या व घराची आधीची छायाचित्रे यांच्या प्रती घराबाहेर सुरक्षित ठेवणे इष्ट, कारण छपराबरोबर पुरावाही उडून जातो. पडझड छायाचित्रांत टिपण्यापूर्वी हलवू नये. परंतु उघड्या घरावर ताडपत्री घालून पुढील नुकसान टाळणे हे विमेदाराचे कर्तव्यच असून सर्वेक्षकाची वाट पाहत ते लांबणीवर टाकता येत नाही.