ताईला कुठे ठाऊक?

आयाबायांनो, घरी एक गंमत करून पाहा. ताईने चिकू टोपलीत ठेवला व ती पाण्याला गेली. धाकट्याच्या देखत तो मडक्यात लपवा आणि विचारा, "ताई आली की चिकू कुठे शोधील?" तीन वर्षांचे मूल बहुधा म्हणेल, "मडक्यात!" आपल्याला ठाऊक ते सर्वांना ठाऊक, असे त्याला वाटते. पाचव्या वर्षाच्या सुमारास तेच हसून म्हणते, "टोपलीत. तिला कुठे ठाऊक?"

कॅमेरूनच्या रानातील बाका मुलांची अशीच पारख झाली. ती १९९१ साली प्रसिद्ध झाली. तिथेही पाचेक वर्षांच्या बहुतेक मुलांना हे उमगले होते.

आपण मोठी माणसेही चुकतो. आपल्याला कळते ते लेकराला कळतेच, असे धरून चालतो. ताराबाई मोडक व अनुताई वाघ यांनी १९४५ साली डहाणू तालुक्यात बोर्डीला बालशिक्षणाचे काम सुरू केले, पुढे ते कोसबाडला नेले. मुले शाळेत येईनात, तेव्हा त्यांनी शाळाच पाड्यावरच्या अंगणात नेली.

तुम्ही डहाणूचे असा वा तलासरीचे, दमूनभागून घरी आल्यावर तीन वर्षांचे पोर कडेवर घ्या म्हणून अडून बसले, तर धपाटा घालू नका. "बाळा, मी दमले," असे सांगा. सांगता सांगताच त्याला दुसऱ्याचे मन कळू लागते.