बंद दारामागची तालीम

शस्त्रक्रिया शिकणाऱ्या डॉक्टरचा हात चुकू लागला, तर शेजारी उभे असलेले सर तो तिथल्या तिथे थांबवतात. नवखा वकील अडखळला, तर ते अख्ख्या कोर्टाला दिसते. मानसोपचाराचे तसे नाही. पेशंट आत येतो, दार लागते आणि पाऊण-एक तासाने उघडते. आत कोणत्या वाक्याला पेशंट गप्प झाला, कोणता प्रश्न विचारायचा राहून गेला, हे त्या दोघांखेरीज कोणाला कळत नाही. आणि त्या दोघांतल्या उपचार करणाऱ्याला आपले काय चुकले हे पुष्कळदा उमगतही नाही. गुप्तता हा या व्यवसायाचा पाया आहे, आणि तो शिकण्याच्या वाटेतली सर्वांत मोठी अडचणही तीच आहे. अमेरिकेत क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट होण्यासाठी पीएचडी किंवा साय.डी. या पदवीच्या अखेरीस एक वर्षाची पूर्णवेळ इंटर्नशिप करावी लागते. या अडचणीवर शोधलेला तोडगा म्हणून तिच्याकडे पाहिले, तरच तिचा अर्थ लागतो. आणि हा तोडगा खरा की नुसता कागदावरचा, हे सर्वांत स्पष्ट दिसते ते गोरगरिबांसाठी चालणाऱ्या, खाटा नसलेल्या, वस्तीतल्या बाह्यरुग्ण क्लिनिकमध्ये.

आधी एक नेहमीची गल्लत दूर करू. सायकियाट्रिस्ट हा वैद्यकीय पदवी घेतलेला डॉक्टर; तो औषधे देतो. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट मानसशास्त्र शिकलेला असतो. चाचण्या घेऊन निदान करणे आणि संवादातून उपचार करणे हे त्याचे मुख्य काम. हा दुसरा व्यवसाय अमेरिकेत तसा अलीकडचा. लाइटनर विटमर यांनी १८९६ मध्ये पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात पहिले मानसशास्त्रीय क्लिनिक काढले, पण पुढची पाच दशके सायकॉलॉजिस्टची ओळख प्रामुख्याने चाचण्या घेणारा अशीच होती. दुसऱ्या महायुद्धाहून परतलेल्या सैनिकांच्या मानसिक जखमा पाहून सरकार जागे झाले आणि १९४६ पासून माजी सैनिकांच्या रुग्णालयांत सायकॉलॉजिस्ट घडवण्यासाठी सरकारी पैसा येऊ लागला. १९४७ मध्ये डेव्हिड शाको यांच्या समितीने प्रशिक्षणाचा आराखडा मांडला. १९४९ मध्ये कोलोरॅडोतल्या बोल्डर येथे भरलेल्या परिषदेने तो उचलून धरला. संशोधन आणि उपचार दोन्ही येणारा माणूस घडवायचा, आणि त्यासाठी ग्रंथालयाइतकेच पेशंटसमोर बसणेही आवश्यक मानायचे, हा त्या आराखड्याचा गाभा. १९७३ च्या व्हेल परिषदेने उपचारावर अधिक भर देणाऱ्या साय.डी. पदवीला मान्यता दिली. इंटर्नशिप मात्र दोन्ही वाटांवर कायम राहिली.

तेव्हा पेशंटसमोर बसण्याची मुख्य जागा होती रुग्णालय. १९५५ मध्ये अमेरिकेच्या सरकारी मनोरुग्णालयांत साडेपाच लाखांहून अधिक माणसे होती. ३१ ऑक्टोबर १९६३ रोजी राष्ट्राध्यक्ष केनेडी यांनी सामुदायिक मानसिक आरोग्य केंद्रांच्या कायद्यावर सही केली. माणसाला घरादारापासून तोडून दूरच्या इमारतीत ठेवण्याऐवजी उपचार त्याच्या वस्तीत न्यावेत, ही त्यामागची कल्पना. योजना दीड हजार केंद्रांची होती. प्रत्यक्षात जेमतेम निम्मी उभी राहिली आणि पुढे निधीही आटत गेला. रुग्णालये रिकामी होण्याचा वेग आणि क्लिनिके उभी राहण्याचा वेग यांचा मेळ कधी बसलाच नाही. म्हणूनच या क्लिनिकांमध्ये काम नेहमी माणसांपेक्षा जास्त असते, आणि इंटर्न येतो तो या ओढाताणीतच.

तो येतो कसा, हेही पाहण्यासारखे आहे. उमेदवार अनेक ठिकाणी अर्ज करतात, मुलाखती होतात, मग उमेदवार आणि केंद्रे आपापल्या पसंतीचा क्रम कळवतात आणि संगणक जोड्या लावतो. १९९९ पासून चालत आलेली ही पद्धत डॉक्टरांच्या रेसिडेन्सीसाठी वापरतात त्याच जातीची. जोड्या लावण्याच्या या शास्त्रासाठी ॲल्विन रॉथ आणि लॉइड शॅपली यांना २०१२ चे अर्थशास्त्राचे नोबेल मिळाले. क्लिनिकमध्ये रुजू झाल्यावर इंटर्न नव्या पेशंटची पहिली सविस्तर मुलाखत घेतो, चाचण्या करतो, आठवड्याच्या ठरलेल्या वेळी येणाऱ्यांवर उपचार करतो, गट चालवतो, आत्महत्येचा धोका जोखतो. अमेरिकन सायकॉलॉजिकल असोसिएशनच्या मान्यतेच्या निकषांत नऊ क्षमता नेमून दिल्या आहेत. चाचण्या आणि उपचार त्यांत आहेतच. शिवाय कायदा व नीती, सांस्कृतिक वेगळेपणाची जाण, इतर व्यावसायिकांबरोबर काम करणे, इतकेच नव्हे तर दुसऱ्याच्या कामावर देखरेख करणे हेही आहे. पण माझ्या मते या सगळ्या नियमावलीचा कणा एकाच अटीत आहे. पूर्णवेळ इंटर्नला आठवड्याला किमान चार तास सुपरव्हिजन मिळालीच पाहिजे, त्यांतले किमान दोन तास परवानाधारक सायकॉलॉजिस्टबरोबर, एकास एक. आणि मूल्यमापनाच्या प्रत्येक टप्प्यावर त्याचे काम प्रत्यक्ष पाहिले गेले पाहिजे, समोर बसून, आरशामागून किंवा रेकॉर्डिंगवरून. बंद दाराला पाडलेली ही खिडकी आहे.

ती इतकी महत्त्वाची का? शेकडो तास पेशंटसमोर बसल्यावर माणूस आपोआप शिकत नाही का? पुरावा तसे म्हणत नाही. सायमन गोल्डबर्ग आणि सहकाऱ्यांनी २०१६ मध्ये १७० थेरपिस्ट आणि त्यांचे साडेसहा हजारांहून अधिक पेशंट यांची अनेक वर्षांची माहिती तपासली. अनुभवाबरोबर पेशंटना येणारा गुण वाढल्याचे दिसले नाही. सरासरीने तो किंचित घटला होता. मधेच उपचार सोडून जाणारे मात्र कमी झाले होते, हेही सांगायला हवे. त्याआधी, २००५ मध्ये, मायकेल लँबर्ट यांच्या गटाने ४८ थेरपिस्टना विचारले होते की तुमच्या पेशंटपैकी कोणाची स्थिती उपचारानंतर बिघडलेली असेल. साडेपाचशे पेशंटपैकी फक्त तिघांची नावे पुढे आली. प्रत्यक्षात चाळीस जणांची स्थिती बिघडली, आणि वर्तवलेल्या तिघांतला एकच त्या चाळिसांत होता. त्यांना पेशंटची काळजी नव्हती, असा याचा अर्थ नव्हे. एकट्याने काम करणाऱ्याला आपली चूक दिसण्याची सोयच नसते, एवढाच आहे. गाण्यातला रियाज आणि तालीम यांतला फरक इथे लागू पडतो. रियाज एकट्याने करता येतो, पण बेसूर लागणारी जागा एकट्याने घोटत राहिले तर ती बेसूरच पक्की होते. तालमीला समोर ऐकणारा कान लागतो.

या पुराव्याची दुसरी बाजू आशादायक आहे. प्रत्येक भेटीआधी पेशंटकडून छोटी प्रश्नावली भरून घेतली आणि प्रकृती घसरत असल्याची सूचना थेरपिस्टला वेळीच मिळाली, तर घसरणाऱ्यांचे प्रमाण कमी होते, हे लँबर्ट यांच्या नंतरच्या अभ्यासांत दिसले. कॅनडातल्या कॅलगरी येथील एका समुपदेशन केंद्राने असे मोजमाप, नेमका सराव आणि सल्लामसलत यांची सवय संस्थेच्या कामातच मुरवली. तिथे वर्षागणिक थेरपिस्टच्या कामाचे फळ सुधारत गेल्याचे २०१६ मध्येच प्रसिद्ध झाले. तो एकाच संस्थेचा अनुभव आहे, तुलनेला दुसरा गट नव्हता, म्हणून त्यावर मनोरा रचू नये. तरी दिशा स्पष्ट आहे: शिकवतो तो अनुभव नव्हे, कोणीतरी तपासलेला अनुभव.

मग ही तपासणी मोठ्या रुग्णालयात करावी की वस्तीतल्या क्लिनिकमध्ये? रुग्णालयात पेशंट चोवीस तास डोळ्यांसमोर असतो, औषध चुकत नाही, जेवणही वेळेवर मिळते. म्हणजे आजार आयुष्यापासून सुटा करून दिसतो. बाह्यरुग्ण क्लिनिकमध्ये तो आयुष्यात गुंतलेलाच येतो. ठरलेल्या वेळी पेशंट आला नाही, तर तो नैराश्यामुळे आला नाही, की पाळी बदलून मिळाली नाही, की बस चुकली? घरभाडे थकलेल्या माणसाची झोप उडाली, तर उपचार कशावर करायचा? आईसाठी दुभाष्याचे काम शाळकरी मुलगी करत असेल, तर आई खरे बोलेल का? शिवाय आत्महत्येचे विचार बोलून दाखवणारा माणूस तासाभराने उठून घरी जाणार असतो. त्याला जाऊ द्यायचे की दाखल करायचे, घरात हत्यार किंवा औषधांचा साठा आहे का, रात्री तो कोणाला फोन करेल, हे त्याच्या बरोबर बसून तिथेच ठरवून लिहून काढावे लागते. पुस्तकातल्या उपचारपद्धती बहुधा निवडक पेशंटवर पारखलेल्या असतात. त्यांना इथे मुरड घालावी लागते, आणि किती घातली म्हणजे मूळ उपचारच हरवतो, याचा विवेक सुपरव्हायझरबरोबरच्या त्या तासात तयार होतो.

यावर पहिला आक्षेप नैतिक आहे आणि तो टोकदार आहे. पैसेवाल्याला अनुभवी तज्ज्ञ आणि गरिबाला शिकाऊ, हा कुठला न्याय? व्यवसायाच्या नीतिसंहितेने याचे अर्धे उत्तर दिले आहे: उपचार करणारा शिकाऊ आहे आणि जबाबदारी कोणा सुपरव्हायझरची आहे, हे पेशंटला आधी सांगून त्याची संमती घ्यावी लागते. पण ज्याला दुसरा पर्याय परवडत नाही, त्याची संमती कितपत मोकळी असते? म्हणून उरलेले अर्धे उत्तर कामातूनच द्यावे लागते. खासगी दवाखान्यातल्या नावाजलेल्या थेरपिस्टचे बोलणे वर्षानुवर्षे कोणी ऐकलेले नसते. इंटर्नच्या प्रत्येक केसमागे दुसरे डोके असते. वर पाहिलेला पुरावा खरा मानला, तर देखरेखीखालचा शिकाऊ म्हणजे कमी प्रतीचा उपचार असे गृहीत धरता येत नाही. पण हे ‘देखरेखीखालचा’ या शब्दावर टिकून आहे. चार तास वहीत भरले जात असतील आणि प्रत्यक्षात जाता-येता दोन वाक्ये होत असतील, तर तो आक्षेप शब्दशः खरा ठरतो.

दुसरा आक्षेप असा की इंटर्न वर्षाने जातो. ज्याला आयुष्यभर माणसे सोडूनच गेली, त्याने मोठ्या मुश्किलीने ज्याच्यावर विश्वास टाकला, तोही जुलै-ऑगस्टात निरोप घेणार. ही जखम कमी लेखू नये. पहिल्याच भेटीत मुदत सांगणे, शेवटचे काही आठवडे निरोपावरच बोलणे, नव्या थेरपिस्टला निघण्याआधी एकत्र भेटवणे, एवढे करता येते, आणि नीट झालेला निरोप हाही उपचाराचा भाग ठरू शकतो. तरीही ज्यांना दीर्घ आधाराची गरज आहे, त्यांना दरवर्षी नव्या हाती देणे योग्य नाही. असे पेशंट कायमस्वरूपी कर्मचाऱ्यांकडेच असावेत. इंटर्नवरच सगळी भिस्त ठेवून चालणारे क्लिनिक इथे उघडे पडते.

त्यातून तिसरा आक्षेप निघतो: हा स्वस्त मजुरीचा मामला तर नाही? डोक्यावर शिक्षणाचे कर्ज असलेले उमेदवार तुटपुंज्या विद्यावेतनावर राबतात. शिवाय २०१२ च्या सुमारास जागा इतक्या अपुऱ्या होत्या की संगणकाच्या जोडणीत सुमारे चौथा हिस्सा उमेदवारांना जागाच मिळाली नाही. असोसिएशनने त्या वर्षी मान्यताप्राप्त जागा वाढवण्यासाठी तीस लाख डॉलरपर्यंतची तरतूद केली, आणि पुढच्या काही वर्षांत तूट भरून निघाली. अलास्कासारख्या विरळ वस्तीच्या राज्यांत तर लहान संस्थांनी एकत्र येऊन सामायिक कार्यक्रम उभे केले. पण मूळ दुखणे पैशाचेच आहे. डॉक्टरांच्या रेसिडेन्सीला मेडिकेअर या सरकारी आरोग्यविमा योजनेतून जसा भरघोस निधी मिळतो, तसा आधार मानसशास्त्राच्या इंटर्नशिपला नाही. विमा कंपनीला बिल लावता येते ते पेशंटबरोबरच्या तासाचे. सुपरव्हायझर आणि इंटर्न समोरासमोर बसले, त्या तासाचे बिल कोणाला लावायचे? म्हणून हात आखडता घ्यायची वेळ आली की पहिली कात्री त्याच तासाला लागते. म्हणजे ज्या तासामुळे ही सगळी व्यवस्था न्याय्य ठरते, नेमका तोच तास हिशेबात तोट्याचा दिसतो.

शेवटचा आक्षेप आपल्या जवळचा, गोव्याचा आहे. डॉक्टरेटचा एवढा खटाटोप हवाच कशाला? विक्रम पटेल आणि ‘संगथ’ या संस्थेने गोव्यातल्या प्राथमिक आरोग्य केंद्रांत, मानसोपचाराची कोणतीही पदवी नसलेल्या स्थानिक समुपदेशकांकडून तीव्र नैराश्याच्या पेशंटवर संक्षिप्त उपचार करवून घेतले. २०१७ मध्ये ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात आलेल्या निष्कर्षांनुसार तीन महिन्यांनी उपचार मिळालेल्यांपैकी ६४ टक्के, तर केवळ नेहमीची सेवा मिळालेल्यांपैकी ३९ टक्के लोक आजारातून बाहेर आले होते. पदवीचा अहंकार उतरवणारा हा निकाल आहे. पण त्या प्रयोगाच्या पोटात शिरून पाहिले तर काय दिसते? ते समुपदेशक आपल्या भेटी ध्वनिमुद्रित करत, गटात बसून एकमेकांच्या भेटी ऐकत आणि ठरलेल्या मोजपट्टीवर गुण देत. एका ठरावीक आजारावर एक ठरावीक उपचार शिकवता येतो. पण तो उपचार रचणे, गुंतागुंतीच्या केस हाताळणे आणि इतरांच्या कामाला कान देणे यासाठी दीर्घ शिक्षण घेतलेली माणसे लागतातच. गोवा आणि अमेरिका इथे एकमेकांना खोडून काढत नाहीत. दोन्हीकडे गुण आला तो ऐकणाऱ्या दुसऱ्या कानामुळे.

महाराष्ट्राला यात शिकण्याजोगे आहे. ठाणे, येरवडा, नागपूर आणि रत्नागिरी ही चार प्रादेशिक मनोरुग्णालये आपल्या नजरेसमोर असतात. जिल्हा रुग्णालयांच्या बाह्यरुग्ण विभागांत चालणारे मानसिक आरोग्याचे काम मात्र कोणाच्या खिजगणतीत नसते. तिथे माणसे नेमावीत, ही मागणी रास्तच आहे. पण जागा मंजूर करताना सुपरव्हिजनचा तासही पगारी काम म्हणून मंजूर झाला नाही, तर नेमलेला माणूस दार लावून एकटाच रियाज करत बसेल, आणि त्याची बेसूर जागा कोणती हे त्याच्यासमोर बसलेल्या पेशंटखेरीज कोणालाच कधी कळणार नाही.