रील थांबवा, अल्बम लावा!

रीलवरचे पंधरा सेकंद तोंडपाठ, पण पुढचं गाणं माहीतच नाही. तुमचंही असंच होतं ना? मग २०२४ मध्ये आलेले हे चार अल्बम अख्खे ऐकाच.

पॉप : बिली आयलिशचा ‘हिट मी हार्ड अँड सॉफ्ट’. सगळी गाणी एकदमच द्यायची म्हणून तिने आधी एकही सिंगल काढलं नाही. गाणी दहाच. शफल बंद ठेवा.

कंट्री : बियॉन्सेचा ‘काउबॉय कार्टर’. कंट्री म्हणजे गोऱ्यांचं संगीत, या समजाला सणसणीत उत्तर! २७ ट्रॅक आहेत, लांबच्या लोकल प्रवासाची सोय झाली.

रॉक : लिंकिन पार्कचा ‘फ्रॉम झीरो’. २०१७ मध्ये चेस्टर बेनिंग्टन गेला, त्यानंतरचा हा पहिला नवा अल्बम. आता गाते एमिली आर्मस्ट्राँग. जुने फॅन असाल तर आधी ऐका, मग भांडा.

हिप-हॉप : केंड्रिक लामारचा ‘जीएनएक्स’. २२ नोव्हेंबरला कसलीही घोषणा न करता आला. लॉस एंजेलिसचे स्थानिक रॅपरही यात भेटतात.

सबमिशनच्या गडबडीत पाऊण तास काढणं अवघड, मान्य. पण आपली आवड रीलने ठरवायची की आपण? आज एक अल्बम निवडा, हेडफोन लावा आणि मोबाइल उलटा ठेवा.